पुष्पामावशीचं कडवं

पुष्पामावशीचं कडवं मी गायलं नाही. ते गाऊ नकोस असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण नंतर सौंसरात जो तो माझ्या काकांना बोल लावत होता, आणि मी बरेच दिवस लावू दिला.

आमचा बँड तिघांचा. गिटारवर संदीप, ड्रमवर मुकुंद आणि गायला मी. नाव ‘कन्हानकाठ’. संदीप रामाकोन्याचा, सौंसरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याची आई पुष्पामावशी संत्र्याच्या तोड्यावर, म्हणजे फळं तोडायला, मजुरीला जाते, आमच्या भैय्याजीकाकांच्या बगीच्यातही. संदीपला ब्लूजचं, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्यांचं, वेड लागलं ते मोबाईलवर ऐकून ऐकून. एक दिवस मला म्हणाला, “उर्वशी, हे लोकं पहिली ओळ दोनदा म्हणते अन् तिसरीत उत्तर देते. माही आई निंदताना असंच तर म्हणते!”

मग आम्ही तिच्या अंगणात बसून तिची गाणी ऐकली आणि त्यातून आमचं ‘तोडा’ हे गाणं झालं. पहिल्या कडव्यात पहाटेची थंडी, दुसऱ्यात शिडीवरून घसरणारा पाय, तिसऱ्यात मुकादमाची शिट्टी. चौथं मावशीनं आमच्यासमोरच जुळवलं:

*हात माहा लागला, संत्रं गोड झालं,*
*गाडीत बसून नागपूरले गेलं.*
*ओठ माहे लागले, गिलास इटाळला,*
*बोरीच्या फांदीले येगळा टांगला.*

मी खाली बघत राहिले. ती बोर आमच्या विहिरीजवळची. तो गिलास मी लहानपणापासून बघत होते. तो तिथेच का टांगलेला असतो, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

“हे म्हणशील न तू?” संदीपनं विचारलं.

“म्हणीन.”

“स्टेजवर? सगळ्याइच्या समोर?”

“म्हणीन म्हटलं न.”

डिसेंबरात कार्यक्रम ठरला. आसपासच्या गावांसाठी अ‍ॅम्ब्युलन्स घ्यायला पैसे जमवायचे म्हणून सौंसरच्या पोरापोरींनी उघड्यावर संगीताचा मेळा घेतला. पांढुर्ण्याचा ‘गोटा’ नावाचा रॉक बँड येणार होता, छिंदवाड्याहून दोन. भैय्याजीकाकांनी रस्त्यालगतचं मोकळं शेत दिलं, मांडव दिला, सगळ्यांच्या जेवणाचं बघितलं. शनिवार होता. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून परतणारे लोकही गाड्या थांबवून आत येत होते.

आमची पाळी चारच्या सुमाराला आली. ऊन तिरपं होऊन थेट डोळ्यांवर येत होतं. पुढच्याच खुर्चीत काका, मांडीवर नातू, गुडघ्यावर बोटानं ठेका. उजवीकडे ताडपत्रीवर तोड्याच्या बाया बसल्या होत्या. पुष्पामावशी नवी हिरवी साडी नेसून आली होती.

पहिली तीन कडवी मस्त झाली. शिट्टीच्या ओळीला लोक स्वतःच शिट्ट्या मारायला लागले. तिसरं संपलं तेव्हा मावशीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, आता माहं येते अशा अर्थानं. शेजारीण सावरून बसली. तेवढ्यात काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आमची पोरगी, अशी ती नजर होती.

मी माईकपासून एक पाऊल मागे सरले आणि हातानं संदीपला खूण केली, तू वाजव.

त्याला वाटलं, मी चालीच्या पुढच्या फेरीला कडवं घेईन. त्यानं फेरी वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. मी माईकचा स्टँड खालीवर करत बसले. त्यानं आणखी एक फेरी वाजवली. मग मी सरळ धृपद उचललं आणि गाणं संपवलं. टाळ्या पडल्या. ताडपत्रीवरच्या बायांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

मांडवामागे संदीप वायर गुंडाळत होता. मावशी आली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “चांगलं गायली वो बाई. माहं तेवढं विसरली का?”

“हाव मावशी,” मी म्हणाले. “ऐन वेळेवर विसरली.”

“होते असं. इतके लोकं पाहून माणूस घाबरते.”

संदीप दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं आणि वायर तशीच खाली टाकून निघून गेला.

पुढच्या दोन दिवसांत गावात बोभाटा झाला की भैय्याजींनी पोरांचं कडवं कापायला लावलं. मुकुंदनंही चहाच्या टपरीवर तेच सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. मी ऐकलं आणि गप्प राहिले. घरी काकांनी विचारलं, “कोणतं कडवं वो? लोकं मले काऊन बोलून राहिले?” मी म्हणाले, गाणं लांबत होतं म्हणून सोडलं. ते बिचारे “बरं” म्हणाले आणि जेवायला लागले.

आठव्या दिवशी संदीपचा फोन आला. “आईनं बोलावलं तुले,” एवढंच बोलला.

मी स्कूटी घेऊन रामाकोन्याला गेले. मावशीनं खाट झटकून बसायला दिलं, चहा दिला. संदीप दारातच उभा राहिला.

“मी इचार केला,” मावशी म्हणाली. “माहे शब्दच जड झाले असन. तो ‘इटाळला’ तुह्या जिभीवर येत नसन. बदलवलं मी. आयक.”

आणि तिनं नवं कडवं म्हणून दाखवलं. त्यात संत्री होती, नागपूरची गाडी होती, ऊन होतं. गिलास नव्हता. मला सोपं जावं म्हणून तिनं तो स्वतःच काढून टाकला होता. म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली, जमलं का अशा नजरेनं.

मी कप खाली ठेवला.

“मावशी, मी विसरली नव्हती,” मी म्हणाले. “समोर काका होते. मले लाज वाटली.”

“कायची लाज?”

“आमच्या घरची.”

ती म्हणाली, “मंग माह्याशी काऊन खोटं बोलली? मी आठ दिवस शब्दाइले दोष देऊन राहिली.”

तिनं माझा अर्धा कप उचलून मोरीत ओतला.

“गाणं आता तू नको म्हणू,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “पुरंच नको म्हणू.”

संध्याकाळी घरी ताटावर बसल्यावर मी काकांना सगळं सांगितलं आणि ते कडवंही म्हणून दाखवलं. घरात त्या ओळी पहिल्यांदाच कुणी उच्चारत होतं. मंगलाकाकू वाढता वाढता थांबली. काका म्हणाले, “तो गिलास तर बाबाच्या टाइमपासून तिथं आहे.” दुसऱ्या दिवशी बोरीवर गिलास नव्हता. पण मजुरांना आमच्या घरातले गिलास दिले, असंही नाही. ते आता आपापल्या बाटल्या आणतात. काकांना वाटतं, विषय मिटला. मी अजून त्यावर भांडते आहे.

मुकुंदला आणि टपरीवरच्या लोकांनाही मी सांगितलं की काकांनी काही कापलं नाही, मीच कापलं. काहींना पटलं, काहींना वाटलं की घरच्यांना वाचवते आहे.

संदीप बँडमध्ये परत आला नाही. फेब्रुवारीत तो ‘गोटा’बरोबर पांढुर्ण्याला वाजवणार असं कळलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले आणि गर्दीत मागे उभी राहिले. ‘तोडा’ त्यानं स्वतः गायला. त्याचा आवाज खरखरीत, सूर मधूनच घसरणारा. चौथ्या कडव्याला त्यानं गिटार थांबवली आणि चारही ओळी नुसत्या म्हटल्या, मावशीनं पहिल्यांदा म्हटल्या होत्या तशाच. माझ्या पुढचा माणूस मोबाईलवर काहीतरी बघत होता. त्यानं मान वर केली.

पुष्पामावशी पुढे बसली होती. कार्यक्रम सुटल्यावर गर्दीत आमची समोरासमोर गाठ पडली. “एकटीच आली का?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. “जपून जाय,” ती म्हणाली आणि आपल्या बायांबरोबर बसस्टँडकडे निघाली.