बंदूक साफ करताना

"बाई, हे अपघात जरा जास्तच नाहीत का?" समितीच्या साहेबांनी रजिस्टरवरचं बोट न उचलता विचारलं.

बाईंनी चष्मा सारखा केला. सरकारी इस्पितळाच्या नोंदणी खोलीत त्या एकतीस वर्षं मृत्यू लिहीत होत्या. सगळं इस्पितळ त्यांना रजिस्टरबाई म्हणे, खरं नाव आता फक्त पगारपत्रकालाच ठाऊक होतं. आठ महिन्यांनी निवृत्ती होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या अक्षराला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"बंदुकाच तेवढ्या होत्या, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेब बिचारे वाईट नव्हते. तीन दिवस त्या कोंदट खोलीत बसून डोळे लाल करून घेत होते. चार वर्षांपूर्वी एका माणसाने भर बाजारात नऊ जणांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर घरोघरच्या बंदुका जमा करून घेणारा कायदा आला. आता त्याची मुदत संपत होती. तो ठेवायचा की मोडीत काढायचा, हे आकड्यांवरून ठरणार होतं.

"बाजारातले नऊ सोडले, तर बंदुकीने झालेले खून आधीच्या चार वर्षांत एकेचाळीस, नंतरच्या चार वर्षांत छत्तीस," साहेब म्हणाले. "पाचांचा फरक असाही पडतो. बाजारासारखं पुन्हा झालं नाही, पण आधीही ते एकदाच झालं होतं. त्यावरून छातीठोक काय सांगणार?"

"आणि आत्महत्या?" बाईंनी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"बंदुकीने? आधी दोन, नंतर एक. म्हणजे तिथेही काही नाही. अपघात मात्र सतरावरून तीन. लोक सावध झाले, असं लिहीन. कायद्याने फारसं साधलं नाही, असाच अहवाल परवा जाईल."

ते चहाला गेले, आणि बाई त्या सतरा ओळींकडे बघत बसल्या. सगळ्या त्यांच्याच हातच्या, आणि सगळ्यांपुढे एकच कारण लिहिलेलं होतं: बंदूक साफ करताना.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आईने त्यांचा हात घट्ट धरला होता. "तसं नका लिहू हो," एवढंच ती म्हणाली होती. तेव्हाचे मोठे डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "साफ करताना उडाली असं लिही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेल्याला फरक पडत नाही, उरलेल्यांना पडतो." तेव्हापासून तो इस्पितळाचा रिवाजच झाला. पोलीसही कानावर हात ठेवत. आत्महत्या म्हणून नोंद व्हायची ती फक्त चिठ्ठी सापडली तर, किंवा विनवायला कुणी नसलं तर. बंदूक साफ करायला तेल आणि चिंधी लागते; त्या सतरा घरांपैकी एकाही घराच्या पंचनाम्यात तेलाची बाटली किंवा चिंधी नव्हती, आणि ती कुठे आहे असं कुणी विचारलंही नव्हतं.

बाईंना यात कधी पाप वाटलं नव्हतं. पण आज त्यांना वाटलं, की आपल्या दयेने या माणसांना दुसऱ्यांदा पुसून टाकलं. सतराचे तीन झाले ते लोक सावध झाले म्हणून नव्हे, घरात बंदूक उरली नाही म्हणून, आणि साहेबांच्या आकड्यांत ते कुठेच दिसत नव्हतं. कायदा मोडीत निघाला, तर बंदुका पुन्हा घरोघरच्या कपाटांत जातील, आणि अशाच एखाद्या वाईट दुपारी कुणाच्या तरी हाताशी लागतील.

सतरापैकी नववी ओळ त्यांच्या नवऱ्याची होती.

तो गोदामावर पहारेकरी होता. हसरा, लोकांच्या टोप्या उडवणारा माणूस. शेवटच्या वर्षात मात्र गप्प गप्प झाला, जेवता जेवता घास हातात धरून बसू लागला. बाईंनी त्याला टॉनिक आणून दिलं. सहा वर्षांपूर्वी तो गेला, आणि त्याची नोंद बाईंनी स्वतः लिहिली, कारण खोलीत दुसरं कुणी लिहिणारं नव्हतं. लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिलाही त्यांनी तेच सांगितलं.

संध्याकाळी घरी गेल्यावर बाईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली, पण पायांतल्या चपला काढायच्या विसरल्या. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. वडील गेल्यापासून ही पोर बोलायची कमी आणि राबायची जास्त. दिवसभर कुणाचं तरी काहीतरी फेडत असल्यासारखी वागायची, आणि बाईंना वाटायचं, समजूतदार आहे.

"तुझ्याशी बोलायचंय," बाई म्हणाल्या. "बाबांबद्दल."

लेकीचे हात थांबले. "कळलं तुला?"

"काय कळलं?"

"मीच म्हणाले होते ना त्यांना." ती खाली बघत बोलत होती. "शाळेत जाताना. बाबा, बंदुकीवर किती धूळ बसलीय, साफ करा की जरा. ते हसून बरं म्हणाले. आणि मग मी घरी आले तर…" तिने हातातला टॉवेल पुन्हा उलगडला. "मी बोलले नसते, तर त्यांनी ती काढलीच नसती."

बाई पलंगावर बसल्या. सहा वर्षं ही पोर याच घरात, शेजारच्या अंथरुणावर, एवढं ओझं उरावर घेऊन झोपत होती. आणि ते ओझं त्यांनी स्वतः आपल्या वळणदार अक्षरात लिहून तिच्या हाती दिलं होतं. उरलेल्यांना फरक पडतो, डॉक्टर म्हणाले होते. पडला होता.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "ते बंदूक साफ करत नव्हते, बाळा."

लेकीने टॉवेल बाजूला टाकला आणि ती आईपाशी येऊन बसली.

"घरात तेल नव्हतं. चिंधी नव्हती. मी सगळं पाहिलं होतं. त्यांना जगायचं नव्हतं, आणि ती हाताशी होती. तुझ्या बोलण्याने काही झालं नाही. मी खोटं लिहिलं. तुझ्यासाठी म्हणून लिहिलं."

लेकीने आईचा हात धरला. मग आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलासारखी रडली. बाईंना रडू आलं नाही. त्या नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि स्वतःला बोल लावत राहिल्या.

"आता काय करशील?" शेवटी लेकीने विचारलं.

"दुरुस्त करीन म्हणते. तुझी हरकत नसेल तर. लोक बोलतील."

"बोलू देत," लेक म्हणाली. "बोलून बोलून किती बोलतील?"

सकाळी साहेब आले, तेव्हा नववी ओळ लाल शाईने खोडलेली होती. वर नवं कारण, शेजारी सही आणि तारीख.

"हे काय, बाई? हे कोण?"

"माझे यजमान."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग हळूहळू त्यांची नजर वरच्या आठ आणि खालच्या आठ ओळींवरून फिरली. ते हुशार होते, फार सांगावं लागलं नाही.

"हे सगळेच?"

"माझी मी सांगितली. बाकीच्या सोळा घरांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही. एवढ्यासाठी अहवाल थांबवता येईल का?"

"दोन दिवस थांबवतो," साहेब म्हणाले. "सगळे हो म्हणणार नाहीत."

"नाही म्हणणार," बाई म्हणाल्या. त्यांनी सोळा पत्ते उतरवलेला कागद पिशवीत टाकला. जाता जाता त्या परत वळल्या, कारण नवव्या ओळीचा शेऱ्याचा रकाना रिकामाच राहिला होता. उभ्या उभ्याच वाकून त्यांनी त्यात लिहिलं: घरात तेल नव्हतं.