कडेला गेलेले चेहरे

फोटोतल्या एकाही माणसाचा चेहरा मधोमध नव्हता. वृषालीने लॅपटॉपवर नामकरणाचे सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले. बाळ, बाळाची आत्या, पाळण्याची दोरी धरलेल्या बायका, सगळे चौकटीच्या डाव्या अंगाला सरकलेले. मधे भिंत, नाहीतर कुणाचा तरी खांदा. एकदा असं झालं तर हात हलला म्हणता येतं. दर वेळी तेवढ्याच अंतराने होणाऱ्या चुकीला कारण असतं, हे ती धाराशिवच्या कॉलेजात मुलांना शिकवत आली होती.

फोटो काढणारे तिचे वडील, प्रेमानंद, बाहेर ओट्यावर बसले होते. ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाला फोटोचा नाद तरुणपणापासूनचा. बेंबळी गावात कुणाचं लग्न असो, जयंतीची मिरवणूक असो, हे कॅमेऱ्यात रोल भरून हजर. डावा डोळा मिटायचा, उजवा कॅमेऱ्याच्या इवल्याशा खिडकीला लावायचा आणि श्वास रोखायचा.

काही वर्षांपूर्वी त्या खिडकीत मधोमध एक धुरकट डाग दिसू लागला. धाराशिवच्या स्टुडिओवाल्या सिद्धेश्वरने कॅमेरा खोलला, पुसला आणि हसला. "प्रेमानंदराव, यंत्र झकास आहे. मालकाचीच सर्व्हिसिंग करून घ्या."

मग वृषालीच्या आईने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. "बघू," म्हणून प्रेमानंद उठून आले. त्यांच्या आईची, मथुराबाईची, नजर एका शिबिरातल्या ऑपरेशननंतर कायमची गेली होती. तिला हाताला धरून परसाकडं नेणारे तेच होते.

त्याच सुमाराला रोल मिळेनासे झाले, म्हणून वृषालीने त्यांना डिजिटल कॅमेरा आणून दिला. त्यात डोळा मिटावा लागत नाही; मागच्या स्क्रीनवर दोन्ही डोळ्यांनी पाहायचं. डाग नाहीसा झाला. "बघा, दोष त्या जुन्या डबड्यात होता," असं ते गावभर सांगत सुटले. आई सोडून सगळ्यांनी मानलं. वृषालीनेही मानलं.

आता ती ओट्यावर आली.

"पप्पा, डावा डोळा झाका. समोरच्या खिडकीचे गज कसे दिसतात?"

"बापाचीच परीक्षा घ्यायलीस व्हय, मास्तरीणबाई?" त्यांनी हसत डोळा झाकला. मग हसू ओसरलं. "मधले गज न्हाईतच."

"आता उजवा झाका."

त्यांनी हात बदलून पुन्हा खिडकीकडे पाहिलं. "हाईत. पण वाकलेत."

गज सरळ होते.

"दोष कॅमेऱ्यात नव्हताच, पप्पा. तुमचा उजवा डोळा बिघडला होता आणि डावा त्याचं काम ओढत होता. म्हणून स्क्रीनवर डाग दिसेना. आता डावाही बिघडत चाललाय."

आई दारात येऊन उभी होती. "म्या कवापासून सांगायले. पण सुईचं नाव काढलं की ह्यांची दातखीळ बसती."

"तुझ्या सासूचं काय झालं, पायलंस न्हवं?"

"पायलं की. त्यांचं सगळं म्याच केलं. तुमचंबी करीन. पण माझे गुडघे हे असे. आवं, आंधळ्याला लंगडीनं किती दिवस वढायचं?"

"उजवा परत येईल?" त्यांनी मुलीला विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "बहुतेक नाही."

"आणि डावा?"

"इंजेक्शनं घेतली तर टिकेल कदाचित. खात्री कुणीच देणार नाही."

प्रेमानंदांनी बायकोकडे तोंड वळवलं. ती हातभर अंतरावर उभी होती, भर दुपारच्या उजेडात. त्यांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे, जणू कुणाच्या आडून तिला पाहत होते.

"गप का झालीस? रडायलीस का?"

"रडाया काय झालंय," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. गाल ओले होते, हनुवटीपर्यंत.

त्यांनी वृषालीकडे पाहिलं. "रडायली का ही?"

"हो, पप्पा."

ते खांबाला धरून उठले. पायरी चाचपली आणि तिथेच थांबले.

"उद्या जाऊ धाराशिवला," ते म्हणाले. "सुई घेतो."