पैऱ्याच्या काढ्यातले जीव

दुसऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षा घेण्याचा अधिकार ज्याला लाभतो, त्याच्यावर एक बंधन आपोआप येते: त्या परीक्षेची गती त्याने स्वतःच्या सोयीने ठरवू नये. हे बंधन गुरूला आहे, आईबापांना आहे. आणि प्रयोगशाळेत जीव वाढवणाऱ्यालाही आहे, हे मला माझ्या सुनेमुळे उमगले.

कौमुदी आमच्या रायपुरातल्याच एका संशोधन संस्थेत यीस्टवर काम करते. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारा तो सूक्ष्म जीव. भाताचा पेंढा, ज्याला आमच्याकडे पैरा म्हणतात, तो आम्लात उकळला की गोड काढा निघतो. यीस्ट तो आंबवून त्याचा मद्यार्क करते आणि तो इंधनात मिसळता येतो. मात्र साखरेसोबत त्या काढ्यात विषारी द्रव्येही उतरतात, आणि आंबताना तयार होणारे आम्ल व मद्यार्क त्यांत भर घालतात. आपल्या यीस्टला हे विष पायरीपायरीने सोसायला लावून त्यातून चिवट वाण निवडणे, हे कौमुदीचे काम.

"बाबा, विष लागलं की पेशी वाढणं थांबवतात," तिने मला एकदा समजावले होते. "पण आत एकेक जनुक जागं होत असते. विषाला सौम्य करणारी प्रथिनं बनत असतात. घर झाडून झालं की मग पुन्हा वाढू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, मेल्या."

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्यांना उंबऱ्यातून आत आणण्याचा मान सुनेचा, आणि विसर्जनापर्यंत तिने घर सोडायचे नाही, असा रिवाज. आपण घरी असताना काम पुढे सरकावे म्हणून कौमुदीने रजेवर येताना मधली पायरी गाळली आणि यीस्टला एकदम कडक काढ्यात टाकले. त्या घाईत आधीच्या पायरीवरचे वाण गोठवून जपून ठेवायचेही राहून गेले.

पूजनाच्या सकाळी माझी पत्नी विमला सोवळ्यात नैवेद्याची आंबील ढवळत होती. तोच कौमुदीचा फोन वाजला. हात पिठाचे होते म्हणून कौमुदीने तो स्पीकरवर घेतला. तिचा प्रयोगशाळेतला सहकारी राजस बोलत होता.

"दीदी, आपके फ्लास्क में कुछ नहीं बढ़ा. काढ़ा ज़रा भी धुंधला नहीं हुआ. सर बोल रहे हैं, फेंक दो."

"फेकू नको रे! मी येते."

"वा!" विमला म्हणाली. "देव घरात बसले अन् सून चालली बुरशीच्या भेटीले!"

"आई, तसलं वाण माझ्यापाशी दुसरं नाही. ते गेलं तर सारं काम गेलं."

विमलाने तिच्यापुढची पिठाची परात ओढून घेतली. "मंग इथं काहून उभी हायेस? नैवेद्याचं मी पाहून घेईन. अन् आल्यावर आंघोळ केल्याबिगर चुलीपाशी फिरकू नको."

"हव, आई."

"अन् तुम्ही काय आंबिलीले मंत्र म्हणून राहिले?" हे मला होते. "जा तिच्यासंगं."

सदर बाजारातल्या सणाच्या गर्दीतून आमची स्कूटर कशीबशी निघाली. प्रयोगशाळेत कौमुदीने काढ्याचा थेंब काचेवर घेतला आणि त्यात निळा रंग मिसळला. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी तो रंग टिकू देत नाही. तिने स्वतः पाहिले आणि मग मला पाहू दिले. सूक्ष्मदर्शकाखाली सगळी निळाई होती. त्या निळाईत कुठे कुठे, नीट पाहिल्यावरच दिसतील असे, स्वच्छ मणी होते.

"काकाजी, दिखा?" राजसने विचारले.

"दिसले," मी म्हणालो. "थोडे आहेत, पण आहेत."

आता दोन वाटा होत्या. तसेच राहू दिले तर त्यातून तगणारे वाण बळकट निघाले असते आणि कौमुदीची पायरी यशस्वी ठरली असती. पण सगळेच मरण्याचाही संभव होता. साधे गोड पाणी घालून काढा सौम्य केला तर ते वाचले असते. पण मग ही पायरी फसली, असे तिच्या विभागप्रमुख सरांना सांगावे लागले असते.

"रहने दो ना, दीदी. जो बचेगा, हीरो निकलेगा."

"अन् काहीच नाही वाचलं तर? उडी मी मारली, राजस, माझ्या सुट्टीसाठी. त्याची शिक्षा यांना काहून?"

तिने काढा सौम्य केला. मग तिथूनच सरांना फोन लावून आडपडदा न ठेवता सांगितले, की घाई माझी झाली, ही पायरी धरू नका. सर नाराज झाले, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. तिने सारे ऐकून घेतले. फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर त्या दिवशी राजसची पाळी होती. त्याने स्वतःचे फ्लास्क बाजूला काढून तिच्या फ्लास्कला जागा केली.

घरी नैवेद्याला उशीर झाला; विमलाने देवाचे ताट सुनेसाठी थांबवले होते. न्हाऊन आलेल्या सुनेला विमलाने विचारले, "काय म्हणते तुही पोट्टी मंडळी?"

"जिवंत आहेत. थोडी."

"मंग ताटं वाढ."

दुसऱ्या दिवशी विसर्जनाची तयारी चालली असताना राजसने फोटो पाठवला. काढा गढूळ झाला होता, म्हणजे त्यातले जीव वाढू लागले होते. कौमुदी तो पुन्हा पुन्हा पाहत होती.

"गढूळ पाणी पाहून हासून राहिली?" विमला म्हणाली.

"हव!"

त्या वाणाला तिने आता खालच्या पायरीपासून पुन्हा वर आणायला घेतले आहे. या वेळी तारीख ठरवलेली नाही.

विषात राहूनही ज्यांनी आतले काम थांबवले नाही, त्या इवल्या जिवांना त्यांच्या गतीने वाढता येवो. आपली पाळी आपणहून सोडणाऱ्या राजसला यश लाभो. देवाचे ताट थोडे थांबवणारी आणि त्या ताटासाठी परत आलेली, अशा आमच्या घरातल्या दोघींचे कल्याण असो.