तुरटी

"खिशातले हात काढा आधी! बागेत फिरायला आलात का?" कोर्टाचा शिपाई खेकसला.

उस्तादने हात काढले आणि झटकन पाठीमागे धरले. सलून दोनच खुर्च्यांचं, पण सगळी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची. लोक त्याच्या वस्तऱ्याखाली बिनघोर डोळे मिटायचे. गेल्या वर्षी त्याचा हात थरथरू लागला. काहीबाही सबबी सांगून तो दाढ्या टाळू लागला. गल्ला आटला आणि घटस्फोट झालेल्या बायकोची पोटगी थकली.

"पैसे का भरले नाहीत?" न्यायाधीशांनी विचारलं. "सबळ कारण नसेल तर आजच तुरुंगात जावं लागेल."

"धंदा मंदा आहे, साहेब."

"हे सगळेच सांगतात."

खरं कारण त्याच्या जिभेवर होतं. पण मागच्या बाकावर त्याचीच गिऱ्हाइकं बसलेली, आणि दारातला हवालदार तर दर रविवारचा. थरथरत्या हाताखाली मान कोण देणार? त्यापेक्षा तुरुंग परवडला, असं त्याने ठरवलं.

समोर बायको रागाने धुमसत होती. तिचंही घरभाडं तुंबलं होतं. पण तिची नजर त्याच्या हनुवटीवर गेली. तिथे दोन ताजे काप होते. ती या माणसाशी हजारदा भांडली होती, पण त्याच्या हातून कुणाला साधा ओरखडा उमटलेला तिने कधी पाहिला नव्हता.

ती उठली, थेट न्यायाधीशांच्या टेबलापाशी गेली आणि इतक्या हळू बोलली की तिच्याच वकिलालाही ऐकू आलं नाही.

"सरकारी डॉक्टरांचा दाखला आणा, पोटगी कमी करायचा अर्ज द्या," न्यायाधीश उस्तादला म्हणाले. "तोवर अटक नाही." कारण त्यांनी मोठ्याने सांगितलं नाही.

व्हरांड्यात त्याने तिला गाठलं. "तुझे उपकार कसे..."

"उपकार राहू द्या. पैसे मला हवेतच, थोडे थोडे का होईना. तुम्हाला आत टाकून माझी चूल पेटणार आहे का? तुरटी आहे खिशात?"

होती. तिने ती नळाखाली ओली करून कापांवर फिरवली. चांगलीच झोंबली. डोळ्यांत पाणी यायला निमित्त मिळालं, म्हणून त्याने तुरटीचेही मनोमन आभार मानले.

"काय उस्ताद, स्वतःलाच कापलंत?" जाताजाता हवालदार हसला.

"नवं पातं आहे," तीच म्हणाली, आणि हवालदार जिना उतरेपर्यंत तिने उस्तादचा उजवा हात आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवला.