डाव्या बाजूचे दरवाजे

"पांढरा रंग आणायचाच कशाला म्हंते मी? पांढऱ्यावर माशी बसली तरी दिसती," आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. दिसण्याचा विषय आपणच काढला हे ध्यानात आलं, तशी मान खाली घालून त्या कोथिंबीर निवडायला लागल्या.

महिनाभर आमच्या घरात तो विषय बंद होता. माझे सासरे, सर्जेराव आबा, यांना नीट दिसत नाही हे आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मला, आमच्या ह्यांना आणि अकरावीतल्या लेकीला, ओवीला, सगळ्यांना माहीत होतं. आबांच्या हातून चहा कपाबाहेर सांडला की "कपच तिरका हाय" म्हणायचं. अशानं घरातली सगळी भांडी बिचारी तिरकी झाली होती.

अंगणात बाजेवर जीपचे दोन दरवाजे आडवे टाकले होते. जीप पांढरी, दरवाजे गडद हिरवे. इंदापूरच्या भंगारवाल्याकडे ह्या गाडीला बसतील असे तेवढेच निघाले. गॅरेजवाला रंग मारून द्यायला आठ दिवस मागत होता, आणि सोमवारी ओवीची बारामतीला परीक्षा. ह्यांची तिथल्याच एमआयडीसीत पहिली पाळी, ते पहाटेच मोटारसायकलवर निघतात.

"एस्टीनं जाईल की ती," मी म्हणून बघितलं.

"घरची गाडी असताना?" आबा म्हणाले. "डाळजातनं बारामतीला मी चाळीस वर्षं गाडी नेलीय. नातीला मीच सोडणार. रंग घरीच मारू."

झालं. त्या घडीपासून सोमवार आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

जुने दरवाजे गेले त्या दिवशी मी आबांच्या शेजारच्या सीटवर होते. भिगवण सोडून बारामतीच्या रस्त्याला लागलो होतो. भर दुपार. कडेला उसाची ट्रॉली उभी, चाक पंक्चर. ट्रॉलीच्या ड्रायव्हरनं, भीमानं, चाकामागं दगड लावले होते, उसाला लाल फडकं बांधलं होतं. मला ती लांबूनच दिसली. आधी वाटलं, आबांनाही दिसली असेल. मग कळलं, दिसलेली नाही. आणि तेव्हा मी काय केलं, तर पदर सारखा केला. गाडी कशी चालवावी हे सुनेनं सासऱ्याला सांगायचं का, एवढ्या विचारात ट्रॉली आलीसुद्धा. डावी बाजू पुढून मागपर्यंत खरवडून निघाली. माझ्या कोपराला मुका मार बसला, तेवढ्यावर भागलं.

"ट्रॉली मधी आली," आबा म्हणाले.

"व्हय, मधीच आली," मी म्हणाले.

फोन गेल्यावर हे कंपनीतून धावत आले आणि भीमाला चारचौघांत नको नको ते बोलले. भीमानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी कोपर चोळत बसले. मग तो हात जोडून म्हणाला, "चुकलं आबा. अजून कडंला घ्याया पायजे हुती." अजून कडेला म्हणजे कालव्याच्या चारीत, पाण्यात.

शनिवारी सकाळी आठाला आबा रंगाचं डबडं उघडून बसले. दोन दिवस काचकागदानं दरवाजे घासले होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती. जे हाताला कळतं ते काम त्यांचं आजही चोख. ब्रश मात्र एकाच जागी चार वेळा फिरला आणि कडीखाली वीतभर हिरवं तसंच राहिलं. त्यात वारा साखर कारखान्याकडचा. सीझन सुरू, चिमणीची काजळी सगळ्या गावावर पडते, ती ओल्या रंगावर तीळ पेरावेत तशी बसली.

आबा मागं सरले, कमरेवर हात ठेवले. "काय ओवे, कसा झालाय?"

"एक नंबर, आबा."

"आरशावानी," आत्याबाईंनी री ओढली.

खोटं बोलायला आमच्यात कधी माणूस कमी पडलं नाही.

आबा जेवून आडवे झाले तशा आम्ही तिघी कामाला लागलो. थिनरच्या फडक्यानं काजळीसकट रंग पुसून काढला, परत लावला, वरून मच्छरदाणी ताणली.

"माझ्या लग्नात माझ्यावरबी एवढी झालर न्हवती," आत्याबाई म्हणाल्या. ओवी खुदकन हसली. मग हसू गिळून हळूच म्हणाली, "आई, सोमवारी मी पुढं बसू का मागं?"

"मागं. उजवीकडं," मी म्हणाले.

उत्तर इतकं तयार होतं की माझा ब्रश जागीच थांबला. लेकीला कुठं बसवावं याचा विचार मी कधी करून ठेवला होता?

पाचला आबा उठले. मच्छरदाणी आम्ही काढली होती. त्यांनी दरवाज्याला चार बोटं टेकवली. रंग बोटांना आला.

"सकाळी आठाला लावलाय. अजून वला?"

"हवा गार हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"थिनर जास्ती झालं असंल," हे म्हणाले. हे आत्ताच बारामतीहून आलेले, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नुसत्या सवयीनं बोलले.

आबांनी बोटं डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. मग आत्याबाईंकडं वळले. "द्वारके, तुझ्या हाताला थिनरचा वास येतुया."

आत्याबाईंनी हात पदराखाली घेतले.

"किती ऱ्हायलं हुतं माझ्याकडनं?"

आबांनी मान एकेकाकडं वळवली. कुणी काही बोलावं अशी त्यांची वाट बघणं होतं की बोलू नये अशी, ते मला कळेना. मग त्यांनी बोटं धोतराला पुसली.

"बरं. उद्या मिस्त्री दरवाजं बसवून जाईल. सोमवारी सहाला निघू, ओवे."

"व्हय आबा," ओवी म्हणाली. एवढासा आवाज.

"आबा," मी म्हणाले. हे माझ्याकडं बघायला लागले. डोळ्यांनीच नको म्हणाले. वीस वर्षांत मी आबांच्या तोंडाकडं बघून बोलले नव्हते. आता बघितलं.

"तुमी गाडी चालवायची न्हाय. तुमाला दिसत न्हाय, आबा. त्या दिवशी ट्रॉली मधी आली न्हवती. भीमानं कडंलाच उभी केली हुती. मला लांबनं दिसली हुती, आन् मी बोलले न्हाय."