दगड धुवायचे तांदूळ

नर्मदेच्या गिरणीला सहा महिने होत आले होते आणि तेवढ्या काळात बौद्धवाडीबाहेरचं एकही दळण तिच्या दारात आलं नव्हतं. गिरण सरकारी योजनेतली. ओरोसच्या जिल्हा कचेरीत हेलपाटे घालताना चपलेचा अंगठा दोनदा तुटला, तेव्हा कुठे ती टेम्पोतून उतरली. हिरवीगार, नव्या रंगाच्या वासाची. कागदावर एक अट होती. सहा महिन्यांनी तपासणी, आणि गिरण चालत नसेल तर परत.

"सरकारान गिरण दिली गो," शेजारचे धोंडूकाका म्हणायचे. "आता दळाणाचो अर्ज वेगळो कर."

नर्मदा हसायची. समोरच्या वाटेने डोक्यावर डबे घेतलेल्या बायका चढण चढून बाबलीच्या गिरणीवर जायच्या. तिच्या दाराशी आल्या की सगळ्यांची तोंडं भातशेताकडे वळायची, जणू तिथे दशावतार रंगलाय.

चतुर्थीच्या आठ दिवस आधी बाबलीच्या गिरणीची मोटार जळाली. घरोघरी मोदकांचे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून तयार होते. दुकानातल्या पिठीचे मोदक फाटतात. तपासणीचा साहेब येणार होता त्याच सकाळी माजी सरपंचाची बायको यशोदावहिनी सात-आठ जणींना घेऊन नर्मदेच्या अंगणात उभी राहिली. नर्मदेला लेक झाली तेव्हाही ती अशीच अंगणातून विचारपूस करून, पाणी न पिता गेली होती.

"आसस काय गो घरात?"

"आसंय वयनी. येवा."

आत कोणी आलं नाही. वहिनीने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी एक पुरचुंडी.

"आदी हे दोन मुठी घाल. दगड धुवान निघतले. मगे देवाचा दळ."

"दगड मी सकाळीच झाडलंय, वयनी."

"झाडलंस ता बरा केलंस. पण देवाचा काम, मनाक शंका नको." वहिनीचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "आणि धुतलेला पीठ आमका नको हां. तुकाच ऱ्हवांदे. चेडवाक घावणे घाल."

मग एकेकीच्या पदराखालून पुरचुंड्या निघाल्या. दीपिका, शेवटची, मुंबईहून लग्न होऊन आलेली, ओशाळून हसली. "सासूबाईंनी बांधून दिले. मी काही मानत नाही हां," म्हणाली, आणि पुरचुंडी पुढे केली.

नर्मदेने खटका दाबला. मूठ-मूठ तांदूळ गिरणीच्या तोंडात पडत गेले आणि कापडी सोंडेतून सुपात पांढरंशुभ्र पीठ उतरलं. तिची आई जात्यावर म्हणायची,

फिर गो दगडा बाये, नको अडू दारी,
पीठ झाल्या दाण्याचो गाव कोण इचारी.

आईने कधी गिरण चालवली नव्हती. इथे पिठालाही त्याचा गाव विचारला जात होता.

"बघ, तुकाच फायदो," वहिनी म्हणाली.

नर्मदेने सुपातल्या पिठाकडे पाहिलं. सहा महिने त्या दगडांवर तिच्या घरचे दाणे भरडले होते. लेकीच्या भाकरीचे, धोंडूकाकांच्या पेजेचे. तो मळ म्हणे. आता तो मळ पुसलेलं पीठ तिनेच रांधायचं, लेकीला वाढायचं, वर उपकार मानायचे. पण दुपारच्या आत साहेब येणार होता आणि अंगणात आठ बायका होत्या. सूप बाजूला करून तिने वहिनीची मोदकाची पिठी दळायला घेतली.

पिठी संपते न संपते तोच जीप आली. तपासणीचे जितेंद्रसाहेब उतरले आणि गर्दी बघून त्यांचा चेहरा उजळला.

"वा, नर्मदाताई. सगळ्या समाजाच्या बायका एका अंगणात. योजनेचं यश म्हणतात ते हेच." त्यांनी मोबाइल काढला. "जरा जवळ या, जवळ."

बायका आपापसात जवळ आल्या. नर्मदा उंबऱ्याच्या आत राहिली. खचखच फोटो निघाले.

"आणि हे सुपातलं कुणाचं?"

"आम्हीच दिलं तिला," यशोदावहिनी शुद्ध मराठीत चटकन म्हणाली. "मदत म्हणून. गरीब आहे बिचारी."

साहेबांनी कौतुकाने मान हलवली. दाराआडून नर्मदेची लेक आकांक्षा आईकडे बघत होती. बारावीतली मुलगी.

नर्मदा आत गेली. मडक्यातून आपल्या तांदळाच्या दोन मुठी घेऊन आली आणि चालत्या गिरणीत टाकल्या. पीठ त्याच सुपात उतरलं. मग ते जड सूप उचलून ती अंगणात आली आणि यशोदावहिनीच्या पायाशी ठेवलं.

"वहिनी, तुमच्यानंतर आता माझ्या घरचं दळायचंय," तीही शुद्ध मराठीत म्हणाली, साहेबाला नीट कळावं म्हणून. "म्हणून दगड धुतले. धुतलेलं पीठ आम्हाला नको. तुम्हाला राहू दे. घावणे घाला."

वहिनीचा चेहरा आंबट आमसुलासारखा आवळला. "माजलंस," ती एवढंच पुटपुटली. दळलेल्या पिठीचा डबा तिने उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. देवाची पिठी टाकवेना आणि हे ऐकल्यावर घरी नेववेना; डबा हातात धरूनच ती वाटेला लागली. बाकीच्यांनी न दळलेले डबे डोक्यावर घेतले. दीपिकेने वळणावरून एकदा मागे पाहिलं आणि तीही गेली.

साहेबांनी मोबाइल खाली केला. "ताई, हे काय केलंत? आता अहवालात काय लिहू?"

"गिरण चालू आहे, असं लिहा. फिरतेय की."

गिरण खरंच फिरत होती. रिकामी, दगडावर दगड घासत.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. "चालू लिहितो. फोटो मघाचाच लावतो," ते म्हणाले. "त्यात सगळ्या दिसतायत."

जीप गेली. अंगणातलं सूप तसंच होतं, कोंबड्या त्याभोवती जमल्या होत्या. नर्मदेने त्यांना हाकललं नाही. आत जाऊन तिने लेकीच्या हातातून दळायला काढलेली नाचणीची पिशवी घेतली आणि रिकाम्या दगडांच्या तोंडी ओतली.