मास्तरांनी निवडलेली गोष्ट

चंद्रभान मास्तरांना ख्रिस्ती शास्त्रातले सगळे संदेष्टे ओळीने पाठ होते, आणि लिंबाजीला स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती. तरी चुडाव्यापासून पूर्णेपर्यंतची माणसं कीर्तन ऐकायला यायची ती लिंबाजीचं. मग मास्तरांच्या पोटात दुखू नये तर काय व्हावं?

लिंबाजी मेंढरं राखणारा. चार वर्षांपूर्वी मास्तरांच्याच शब्दावर तो ख्रिस्ती झाला होता. दुपारी मेंढरं माळाच्या कडेला चिंचेखाली बसली की मास्तर शाळा सोडून तिथे जायचे आणि त्याला शास्त्र वाचून दाखवायचे. ऐकताना लिंबाजीच्या हातात लोकर कातायची चाती फिरत असे. गोष्टीत काही घडलं की तो कातलेल्या दोऱ्याला एक गाठ मारी. राजा आला, एक गाठ. राजा रुसला, दुसरी गाठ. कीर्तनाला उभा राहिला की तोच दोरा बोटांतून सरकवत गाठीगाठीने गोष्ट सांगे, आणि बायाबापड्या पदराने डोळे पुसत. मास्तर पहिल्या रांगेत बसून आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकत. "काय सांगतो हो लिंबाजी!" असं लोक म्हणत. त्याला कोण सांगतो, हे आजवर एकानेही विचारलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

घरातही तीच गत. "लिंबाजीचं ऐकून आज मला रडू आलं बगा," मास्तरांच्या पत्नी मनकर्णाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"वीस वर्षं मी तेच सांगायलोय. तेव्हा नाही आलं रडू?"

"तवा झोप यायची जी."

मास्तर त्या दिवशी अर्ध्या भाकरीवरून उठले.

तरी एक जागा अजून मास्तरांची होती. ज्वारीचं खळं झालं की ख्रिस्ती वाड्यात कापणीचा सण व्हायचा. सगळं गाव यायचं. गावचे देशमुख आबासाहेब बाजेवर सतरंजी टाकून पुढे बसायचे, कारण ख्रिस्ती देवळाची आणि शाळेची जागा त्यांनीच दिलेली होती. कीर्तन संपलं की सांगणाऱ्याच्या डोक्याला ते स्वतःच्या हाताने फेटा बांधायचे. मास्तरांच्या ट्रंकेत असे एकोणीस फेटे होते. ते दर साली पेरणाऱ्याची गोष्ट सांगत; बी पडलं, उगवलं, शंभरपट आलं, आबासाहेब खूश. राजांच्या तोंडावर बोलणारे संदेष्टे मास्तर सणाला चुकूनही बाहेर काढत नसत. राजाला राजा म्हणावं आणि आपली भाकरी खावी, असं त्यांचं साधं मत.

निजामाच्या अमलातल्या फसली तेराशे सेहेचाळीस साली वाड्यातली चार म्हातारी माणसं मास्तरांकडे आली आणि हात जोडून म्हणाली, "मास्तर, औंदा सणाला लिंबाजीला उभं ऱ्हाऊ द्या. तुमी लय वर्सं दमलाव."

दमलाव! मास्तर तोंडाने "बरं, बरं" म्हणाले आणि आतून तव्यासारखे तापले. विसावा फेटा त्या मेंढराच्या वासाच्या डोक्यावर बसणार होता. रात्रभर कुशी बदलत त्यांनी एक गोष्ट निवडली.

ती का निवडली ते कळायला कडूबाई ठाऊक हवी. कडूबाई त्याच वाड्यातली, नवरा वारलेली. विहिरीवर तिचा केळीचा मळा होता, अगदी देशमुखांच्या गढीला लागून. आबासाहेबांच्या मनात तो भरला होता. तिने "सासऱ्यानं खंदलेली हीर हाय, द्यायची न्हाई" म्हणून सांगितल्यावर, तिच्या नवऱ्याने मरण्यापूर्वी मळा विकला होता असा कागद निघाला. पुढच्या सोमवारी तालुक्याच्या कचेरीत आबासाहेबांचे दोन गडी तशी साक्ष देणार होते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. मास्तरही नाही.

आता शास्त्रात नाबोथाची गोष्ट आहे. राजा अहाबाला नाबोथाचा मळा हवासा वाटला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचा आहे, देणार नाही. मग राणीने दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाचा जीव घेतला. ही गोष्ट आबासाहेबांसमोर सांगणाऱ्याला फेटा नाही, चाबूक मिळणार, हे मास्तरांना दिव्यासारखं दिसत होतं. एकदा लिंबाजीचं तोंड बंद झालं की पुढच्या साली पेरणारा होता आणि मास्तर होते.

दुपारी चिंचेखाली त्यांनी ती गोष्ट वाचली. लिंबाजीने गाठी मारल्या. साक्षीदारांच्या गाठीपाशी चाती थांबली.

"मास्तर, ह्यो मळा..."

"गोष्ट आहे. पुढे ऐक," मास्तर पुस्तकावरून नजर न काढता म्हणाले. लिंबाजीने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि गाठ मारली.

सणाच्या दिवशी उन्हं कलताना लिंबाजी उभा राहिला. मास्तर कडेला बसले, आणि खरं सांगायचं तर त्यांना आज फार बरं वाटत होतं. लिंबाजीने पहिली गाठ धरली.

"एक राजा हुता. त्याला कमी काय हुतं? वाडा हुता, घोडी हुती, धान ठिवायला जागा न्हवती. पर शेजारच्या गरिबाचा मळा बगितला की त्याला जेवन ग्वाड लागंना."

कडूबाईने मान वर केली. लिंबाजी गाठीगाठीने पुढे चालला होता. दोन साक्षीदार आले तेव्हा त्याने त्यांना नावं दिली नाहीत, फक्त म्हणाला, "त्यांनाबी लेकरंबाळं हुती. लेकरांच्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोलले." मागे बसलेल्या आबासाहेबांच्या दोन गड्यांनी माना खाली घातल्या. मग शेवटची गाठ आली. संदेष्टा एलीया मळ्यात राजाला गाठतो.

"एलीया म्हनला, राजा, जीव बी घेतलास आन् जिमीन बी? देवानं बगितलंय. आता निस्तर."

कोणी टाळी वाजवली नाही. आबासाहेब बाजेवरून उठले. फेटा त्यांच्या हातात तसाच होता.

"ही गोष्ट तुला कोणी शिकवली रे?"

मास्तर शेजाऱ्याच्या पाठीआड सरकले.

"माज्या गुरूनं, हुजूर," लिंबाजी म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "चंद्रभान मास्तरांनी. मला कुटं वाचता येतं? चार वर्सं समदं त्यांनीच दिलं. ही बी त्यांनीच निवडली."

सगळं गाव मास्तरांकडे वळलं. वीस वर्षांत त्यांच्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं. कडूबाई उठून आली आणि तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"मास्तर," आबासाहेब म्हणाले, "खरं आहे का हे?"

नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. शाळा राहिली असती, घर राहिलं असतं. पण नाही म्हटलं की ही सगळी नजर, कडूबाईचा तो हात, सगळं लिंबाजीच्या पदरात पडणार होतं. तेवढं मात्र त्यांना सहन होईना.

"खरं आहे," चंद्रभान मास्तर म्हणाले. "गोष्ट माझी आहे."

आबासाहेबांनी फेटा मातीत टाकला. "उद्या दिवस मावळायच्या आत गाव सोडा."

सोमवारी दोघांपैकी एकही गडी तालुक्याला गेला नाही. एकाला ताप भरला, दुसरा सासुरवाडीला पळाला. मळा कडूबाईकडेच राहिला. पण ते मास्तरांना नंतर कळलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी ते डोक्यावर ट्रंक घेऊन पूर्णेच्या वाटेला लागले होते, मागे मनकर्णाबाई, आणि बाजूला, नदीपर्यंत सोबतीला म्हणून, मेंढरं हाकत लिंबाजी. वेशीपर्यंत लोक पोचवायला आले होते. मास्तरांना ते फार गोड वाटलं, आणि म्हणूनच ते जास्त वेळ गप्प राहू शकले नाहीत. नदी दिसू लागल्यावर त्यांनी ट्रंक खाली ठेवली.

"लिंबाजी, ती गोष्ट मी तुझ्या भल्यासाठी नव्हती दिली."

"ठाव हाय मला."

"ठाऊक आहे?"

"तुमी वाचताना येकदाबी माज्याकडं बगितलं न्हाई. येरवी बगताव."

"अरे, मग सांगितलीस कशाला? चाबूक खायला?"

"गोष्ट खरी हुती की, मास्तर," लिंबाजी म्हणाला. "आन् कडूबाई म्होरंच बसली हुती."

तो चुकार मेंढीमागे पळत गेला. मास्तर तिथेच उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी त्याच्या आवाजाचा हेवा केला, गर्दीचा केला, न मिळालेल्या फेट्याचा केला. यातलं काहीच हेवा करण्याजोगं नव्हतं, हे त्यांना आता दिसत होतं. जे होतं ते मेंढीमागे पळत होतं, आणि चंद्रभान मास्तरांच्या पोटात पूर्वी कधी दुखलं नव्हतं एवढं दुखत होतं.